खालचा ओठ

मी पत्ते काढते. जादू करत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या दोन शहाण्या माणसांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी जे करावं लागलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई जरा जास्तच तापट आहे. आहे. मी कुठे नाही म्हणते?

ही दोन माणसं म्हणजे माझी ताई आणि भावजी. आई-बाबा गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिनं भावजींना तोंडावर सांगितलं, "चिमटी माझ्याबरोबर येईल. चालत असेल तर पुढचं बोलू." चिमटी म्हणजे मी. भावजींना चाललं, आणि तेव्हापासून त्यांच्या घरातली मागची खोली माझी आहे. ताई एका मोठ्या सलूनमध्ये बायकांचे केस कापते, भावजी लिफ्ट दुरुस्त करतात, आणि मी लोक फोनवर जे पत्त्यांचे डाव खेळतात, त्यात कॅमेऱ्यासमोर बसून पानं काढायचे.

हे काम कसं असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एक भलामोठा हॉल. त्यात प्लायवूडची फळकुटं उभी करून खण पाडलेले. कॅमेऱ्याच्या बाजूनं बघाल तर महाल, झुंबर, सोनेरी खांब. मागून बघाल तर खिळे, वायरी आणि कोणीतरी विसरलेला डबा. प्रत्येक खणात एक हिरवं टेबल आणि एक मुलगी. पडद्यावर माझं नाव चांदणी. कानात एक बारीकसं बटण, त्यातून आमचे साहेब सूचना देतात. साहेबांना आम्ही सगळ्या 'कानातला' म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी.

खेळ तर लहान पोराला कळेल असा. एक पान डावीकडे, एक उजवीकडे, मोठं पान जिंकतं. समोरच्या स्क्रीनवर आकडे उलटे धावत असतात, तेवढ्यात लोकांनी डाव्यावर नाहीतर उजव्यावर पैसे लावायचे. घंटी वाजली की मी म्हणायचं, "डाव बंद." मग डब्यातून दोन पानं ओढायची, पलटायची, हसायचं, की लगेच पुढचा डाव. माणसाला विचार करायला सवडच द्यायची नाही, सगळा धंदा त्याच्यावर चालतो. एकजण हरला म्हणून हळहळेपर्यंत त्याचा पुढचा डाव लागलेलासुद्धा असतो.

पानं पिसतं यंत्र, तेही दुसऱ्या खोलीत. माझ्यापुढे येतो तो बंद डबा. पान पलटेपर्यंत ते मला दिसत नाही, कानातल्याला दिसत नाही, कोणालाच दिसत नाही. समोरच्या स्क्रीनवर आकडे असतात आणि खेळणाऱ्यांचे निरोप असतात, बस्स. आमच्या गणवेशाला खिसे नसतात. टेबलावरून उठताना दोन्ही हात एकमेकांवर घासायचे, आणि मग तळवे उघडून, पुढून-मागून, कॅमेऱ्याला दाखवायचे. काही उचलून नेलं नाही म्हणून. पहिले काही दिवस मी घरी जेवून उठल्यावरही तसे हात दाखवायचे आणि ताई पोट धरून हसायची.

आता माझ्या ओठाचं. डोक्यावर दिवे, पाठीवर एसीचा झोत, आणि तोंड सतत हसरं. ओठ असे कोरडे पडतात की विचारू नका. मग मी खालचा ओठ आत घेते, जरा ओला करते, सोडते. सगळ्याच मुली काही ना काही करतात. एक नाक ओढते, एक मान मोडते. पण त्यांच्या घरी आमच्यासारखी माणसं नाहीत.

आमच्या घरात पहिल्यापासून गुलामचोर खेळायची पद्धत. पत्त्यांतले तीन गुलाम काढून ठेवायचे, एकच ठेवायचा. सगळ्यांनी जोड्या लावायच्या, शेजाऱ्याच्या हातातलं पान न बघता ओढायचं, आणि शेवटी ज्याच्या हातात तो एकटा गुलाम उरेल तो चोर. माझ्याकडे गुलाम आला की माझा खालचा ओठ आत जातो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मलाच माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ताईनं हे गुपित भावजींना देऊन टाकलं. तेव्हापासून त्या घरात मी गुलामचोरात एकदाही सुटलेली नाही.

तर एक दिवस भावजी एका इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसले होते. सुटा भाग यायचा होता, हातात काम नाही. फोन उघडला, चाळता चाळता कुठूनसं ते टेबल उघडलं, आणि टेबलावर मी. माझ्याकडे बघत बसले. माझा ओठ आत गेला, त्यांच्या मते उजव्या बाजूनं. त्यांनी उजव्यावर थोडेसे लावले. उजवं आलं.

संध्याकाळी भावजी केक घेऊन घरी आले. मोठा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला आणि डोळा मारला.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

"तुझ्याबद्दल," ते म्हणाले. "ओठ अजून तस्साच आहे."

मला काय झालंय ते समजायला अर्धा तुकडा लागला. मग केक घशात अडकला.

भावजी माणूस वाईट नाहीत हो. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. आयुष्यभर लिफ्टच्या पोटात कान लावून बसल्यामुळे त्यांचं एक ठाम मत झालंय की यंत्र असो की माणूस, काही करायच्या आधी कुरकुरतं. दोरखंड कुरकुरला की ते सांगतात कुठली कडी गेली. आणि बरोबर सांगतात, हीच तर पंचाईत.

"भावजी, मला पुढचं पान माहीत नसतं," मी म्हटलं.

"हो हो."

"खरंच नसतं. डबा बंद असतो."

"अगं कळतं मला. तुला बोलता येत नाही. नोकरीचा प्रश्न आहे." आणि आवाज खाली आणून, "तू काही बोलूच नकोस. तुझा ओठ बोलतो तेवढं पुरे."

मी चिडले की ते हसायचे. गप्प बसले की मान डोलवायचे. मी ओठ हलू नये म्हणून मलम चोपडून बसले, तर रात्री जेवताना म्हणाले, "आज लपवत होतीस. म्हणजे आज मोठी पानं होती." अशा माणसाला काय सांगणार? जिंकले की माझ्या ओठानं सांगितलं, हरले की त्यांची नजर चुकली. माझी चूक कधीच नाही. एवढा विश्वास माझ्यावर आजपर्यंत कोणी ठेवला नव्हता, आणि तो असा नको तिथे.

इथपर्यंत मी सहन केलं. थोडेफार लावतात, थोडेफार घालवतात, म्हटलं कंटाळतील. पण मग मध्ये ताईचं दुकान आलं.

ताई वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या सलूनमध्ये उभी राहतेय. पाय सुजतात, मालकीण बोलते, आणि ताई हसून कात्री चालवते. त्यातून वाचवून वाचवून तिनं स्वतःच्या दुकानाची आगाऊ रक्कम साठवली होती. जागा एका घड्याळवाल्या काकांची. एक अरुंद दुकान, रस्त्याकडे काच, आत एक खुर्ची मावेल, एक आरसा, एक बेसिन. काकांना आता बारीक स्क्रू दिसत नव्हते, ते दुकान देऊन लेकाकडे जाणार होते. ताईशी बोलणं झालं होतं: शनिवारी पैसे आण, किल्ली घे. नाहीतर फोनची कव्हरं विकणारा एकजण दारात उभाच होता. ताईनं भिंतींचा रंगसुद्धा ठरवला होता. मोज मोज म्हणून मला तीनदा तिथे नेलं होतं, आणि मोजायला काय होतं, चार पावलं टाकली की भिंत.

त्या आठवड्यात एका सकाळी ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून माझ्या कपाळावरचे केस कापत होती. कापता कापता म्हणाली, "चिमटे, काकांच्या शेजारचा गाळाही रिकामा झालाय. कोपऱ्यावरचा. दोन खुर्च्या आरामात बसतील."

"मग?"

"मग काही नाही. हे म्हणतात, शुक्रवारी तुझ्या टेबलावर एकदाच लावू. एकच डाव. रक्कम दुप्पट झाली की कोपऱ्यावरचं घेऊ. एका खुर्चीवर मी, दुसरीवर पगारी मुलगी."

मी एवढ्या झटक्यात मान वळवली की कात्री माझ्या भुवईला लागली.

"ताई, तूसुद्धा?"

"हल नकोस. रक्त येतंय."

"येऊ दे. तुला वेड लागलंय का? ते भावजी, लिफ्टशी बोलणारा माणूस. पण तू?"

तिनं माझ्या भुवईवर बोट दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाली, "तू एवढीशी होतीस तेव्हापासून तुझा ओठ मी बघतेय. मला तू फसवू शकत नाहीस. सांगायला बंदी आहे ना, नको सांगूस. आम्ही विचारलंय का तुला काही?"

मला रडूच आलं. राग आला की मला रडू येतं, तेवढी एक गोष्ट मला अजिबात आवडत नाही. जिनं मला वाढवलं तिला माझा ओठ माहीत होता, आणि मी काय बोलतेय ते मात्र ऐकू येत नव्हतं.

मग म्हटलं, ठीक आहे, पुराव्यानिशी दाखवते. त्याच दुपारी पत्त्यांचा जोड घेतला, दोघांना टेबलाशी बसवलं. "हे घ्या. मी पानं पिसते, उताणी बघत नाही, पालथी ठेवते. माझ्या तोंडाकडे बघून सांगा कुठलं मोठं."

भावजींनी खुर्ची पुढे ओढली. माझ्या तोंडाकडे असे बघायला लागले जसा डॉक्टर घशात बघतो. "उजवं," म्हणाले. उजवं निघालं. "परत उजवं." निघालं. "आता डावं." तेही निघालं. चौथं चुकलं, तर म्हणाले, "घोटाळा झाला, तुझी ताई मध्ये खोकली." पाचवं बरोबर आलं. ताईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझ्या अंगावर काटा आला. कौतुकाची नजर होती हो ती. "बघ," ती म्हणाली, "तुझं तुलाच माहीत नाही, पण तुला कळतं."

मी पत्ते आपटून उठले. नशिबाला दुसरी दुपार मिळाली नव्हती का?

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीच्या आधी कानातल्याच्या खोलीत गेले. नोकरीला लागताना त्यांनीच आम्हाला नियम वाचून दाखवला होता: टेबलावरच्या मुलीचा नातेवाईक खेळताना आढळला तर त्याचं खातं बंद, त्यानं भरलेली रक्कम जिथून आली तिथे परत, जिंकलेलं कंपनीकडे, आणि मुलगी घरी. मी सगळं सांगितलं. 'लिफ्टवाले' या नावानं खेळतात, खातं माझ्या बहिणीच्या नावावर आहे, बंद करा.

कानातला खुर्चीत मागे रेलला. "चांदणी, तुझ्या टेबलावर सगळ्यात जास्त गर्दी असते. मी तुला घरी पाठवू आणि वर काय सांगू?"

"नियम सांगा."

"नियमाला पुरावा लागतो. घरचं भांडण घरी मिटव. हे तू मला बोललीच नाहीस असं समजतो."

"मग माझं टेबल तरी बदला."

"टेबल बदललं तर ते तिथे येतील. चेहरा तोच ना?" असं म्हणून त्यांनी फोन उचलला, म्हणजे मी जावं.

पण एक गोष्ट ते बरोबर बोलले. चेहरा तोच. मी त्या पडद्यावर बसलेय तोवर भावजी तिथे येणार, आणि आता ताईही येणार. मी नकार देऊन, रडून, पत्ते आपटून काही होणार नव्हतं. नुसती नोकरी सोडली तरी त्यांचं खातं उघडंच राहणार. बरं, खोलीत बोललेलं कानातला गिळू शकत होता. टेबलावर बोललेलं मात्र नाही. तिथलं अक्षर न् अक्षर कॅमेऱ्यात जातं, वरच्यांकडे जातं, आणि हजारो लोक ऐकत असतात. जिन्यानं खाली उतरतानाच माझं ठरलं. ताईला तिची किल्ली मिळाली पाहिजे. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

शुक्रवारी सकाळी मी ताईला शेवटचं विचारलं. ती कप धूत होती. "ताई, माझ्यासाठी म्हणून तरी नको लावूस."

ती वळली नाही. "झालंय आता. काल रात्रीच खात्यात भरलेत," म्हणाली, आणि धुतलेला कप परत धुवायला घेतला.

दुपारी मी टेबलावर बसले. डाव सुरू झाले. डावं, उजवं, उजवं, डावं. स्क्रीनवर निरोप यायला लागले, कोणी नमस्कार करतंय, कोणी शिव्या देतंय, कोणी लग्नाचं विचारतंय, रोजचंच. मग आलं, "लिफ्टवाले: चांदणी, आज आम्ही दोघं आहोत." म्हणजे ताई सलूनमधून सुट्टी घेऊन शेजारी बसली होती. ओठ कोरडा पडला. मी तो आत घेतला नाही, दातांनी धरूनही ठेवला नाही, नुसता कोरडा राहू दिला.

काही डाव गेले. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात मोठी लावणी दिसते, तिथे ते नाव चढलं. लिफ्टवाले, उजवं. नावापुढचा आकडा मी ओळखला. तो आकडा कसा साठला ते मला पाठ होतं. त्यात ताईचे न घेतलेले चष्मे होते, माझ्या कॉलेजपासून लांबलेलं तिचं दातांचं काम होतं.

घंटी वाजली. "डाव बंद," मी म्हणाले.

डाव बंद झाला की तो पुरा करावाच लागतो. फक्त एकच सूट आहे: पान खाली जमिनीवर पडलं तर डाव रद्द, ज्याचे पैसे त्याला परत. मी डावीकडचं पान पालथंच ओढून ठेवलं. उजवीकडचं ओढलं, आणि क्षणभर हातात धरलं. खोटं कशाला बोलू, मनात आलं की पलटून टाकावं. निम्मी शक्यता तर होतीच. उजवं मोठं आलं तर ताईला दोन खुर्च्या, भावजी परत केक आणतील, माझी नोकरीही राहील. पण मग पुढच्या शुक्रवारी? कोपऱ्यावरचा गाळा लावतील, घर लावतील, आणि माझा ओठ बघत राहतील. ते पान चांगलं आलं असतं तर जास्तच वाईट झालं असतं. माझ्या डोक्यात संतापाची तिडीक गेली, आणि मी बोटं सोडली.

पान टेबलाच्या कडेला आपटून खाली गेलं, पालथं. मी वाकून बघितलं नाही.

"चांदणी, काय केलंस?" कानातला ओरडला. "हस. डाव रद्द म्हण. हस."

"डाव रद्द," मी म्हणाले, आणि कानातलं बटण काढून टेबलावर ठेवलं. तिथूनही तो ऐकू येत होता. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "लिफ्टवाले या नावानं खेळणारे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत. खातं बहिणीच्या नावावर आहे. आम्ही एका घरात राहतो. मी हे साहेबांना आधी सांगितलंय. नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद करा आणि भरलेले पैसे माझ्या बहिणीला परत करा. आणि बाकी सगळ्यांना सांगते, मला पुढचं पान माहीत नसतं. इथे कोणालाच माहीत नसतं. माझा ओठ कोरडा पडतो म्हणून मी आत घेते. बाकी त्यात काही नाही."

स्क्रीनवर कोणीतरी लिहिलं, "बरं, पण आता डावं लावू की उजवं?"

मला हसू आलं, खरंखुरं. मी उठले. हात एकमेकांवर घासले, तळवे उघडले, पुढून दाखवले, मागून दाखवले. आणि फळकुटाच्या मागच्या दारानं बाहेर पडले. दारात कानातला धावत येत होता. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

घरी काय झालं ते मी लांबवत नाही. भावजी खिडकीशी पाठ करून बसले होते. ताई म्हणाली, "तू जगासमोर आमचं नाक कापलंस." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि पैसे?" मी म्हटलं, "येतील." ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. एरवी ती दार आपटते. तेवढं तरी आपटायला हवं होतं.

शनिवारी सकाळी पैसे आले नव्हते. मी उठून घड्याळवाल्या काकांच्या दुकानात गेले आणि त्यांच्या स्टुलावर बसले.

"पैसे आणलेस?" काका म्हणाले.

"ताई आणतेय. कंपनीकडून यायचेत. तोवर मी बसते."

थोड्या वेळानं कव्हरवाला आला, नोटांचं पाकीट काखेत धरून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही शनिवार म्हणाला होतात. शनिवार अजून संपलेला नाही. आणि हे स्टूल मी सोडत नाहीये, त्यांना माझ्यासकट दुकान हवं असेल तर द्या." कव्हरवाला काकांना म्हणाला, "ही कोण?" काका म्हणाले, "काय माहीत बाबा, पण ही उठणार नाही." बिचारा दोनदा येऊन गेला. मी पाणी प्यायले नाही, कारण मग उठावं लागलं असतं. समोर भिंतीवर वीसेक घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. कुठल्यावर विश्वास ठेवायचा तेही कळेना.

काका शटरला हात घालणार तेवढ्यात ताई आली, धापा टाकत, पिशवी छातीशी धरून. पैसे दुपारी परत जमा झाले होते, जेवढे भरले तेवढे. आधी जिंकलेलं सगळं गेलं, पण ते कुठे आमचं होतं? तिनं रक्कम दिली, किल्ली घेतली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाणी मागितलं, ते काकांनी दिलं.

आता मी एका दवाखान्यात काउंटरवर बसते आणि लोकांना नंबर देते. तिथेही माणसं माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, माझा नंबर कधी लागेल. मी सांगते, मला माहीत नाही, आणि त्यांना ते पटत नाही. आमच्या नशिबातच ते आहे. भावजींनी काही दिवस दुसऱ्या टेबलांवरच्या मुली बघितल्या. मग फोन ठेवला. म्हणाले, "परकी माणसं. त्यांचं काय कळणार?" तेवढंच मला हवं होतं. माझ्याशी ते आता बोलतात, पण दर चार दिवसांनी, भाजी वाढून घेताना, भलत्याच विषयावरून वळून विचारतात, "ते खाली पडलेलं पान कुठलं होतं?" मी म्हणते, बघितलंच नाही. ते मान डोलवतात.

ताईचं दुकान सुरू झालं. एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन. भिंती तिला हव्या होत्या त्याच रंगाच्या. बोलणं मात्र कामापुरतंच होतं. मग एका दुपारी मी दवाखान्यातून परतताना काचेतून डोकावले, तर दुकान रिकामं होतं. तिनं नुसती खुर्ची माझ्याकडे फिरवली. मी बसले. तिनं गळ्याभोवती कापड बांधलं आणि कपाळावरचे केस ओले केले. भुवईवरची खूण तिला दिसली असणार, तिथे तिचं बोट जरा थांबलं.

"चिमटे," ती म्हणाली, "आता तर ती नोकरी नाही, बंदी नाही. एकदा खरं सांग. तुला माहीत होतं ना कुठलं पान येणार ते?"

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या ओठाकडे बघत होती. मला यंत्राचं, बंद डब्याचं, कॅमेऱ्याचं सगळं परत सांगावंसं वाटलं, आणि त्याचा वीटही आला.

"ताई," मी म्हटलं, "मला माहीत असतं तर मी तुला एका खुर्चीच्या दुकानात बसू दिलं असतं का?"

कात्री थांबली. तिनं ओठावरची नजर काढली आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं माझं डोकं मागून स्वतःच्या पोटाशी धरलं, ओल्या केसांसकट.

"नसतंस," ती म्हणाली. "अगं, नसतंच दिलंस तू."

तेवढ्यात दार वाजलं. एक बाई आत डोकावून म्हणाली, "वेळ लागेल का हो?" ताईनं मनगटानं डोळे पुसले, माझ्या गळ्यातलं कापड सोडून झटकलं आणि म्हणाली, "ऊठ, गिऱ्हाईक आलंय." केस अर्धेच कापलेले होते. पण खुर्ची एकच, तेव्हा मी उठले.